लाटेच्या काठावरचं लाल टोपडं

शिकायला मुंबईला गेलेला गोवर्धन मानमोडीच्या साथीत तिथंच तापानं वारला. संक्रांत झाल्यावर त्याचा खोलीतला सोबती, अकोल्याचा वामनराव, बैलगाडी करून गोवर्धनच्या गावी, वलगावला आला. काखेत कापडाची गुंडाळी होती.

गोवर्धनची बायको कौशल्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. सासरा पुंजाराम मोट सोडून आला. वामनरावानं कापड उलगडून विहिरीजवळच्या बाभळीला अडकवलं.

"गोवर्धननं काढलेलं शेवटचं चित्र. चौपाटीवर बसून काढलं."

पुंजारामानं डोळे बारीक केले. "नुसते रंगाचे फराटे हायेत भाऊ. याच्यासाठी धाडलं होतं का पोराले?"

"काका, जरा मांगं सरून पाहा."

पुंजाराम वाफ्यापर्यंत मागं सरला आणि थबकला. कौशल्या तिथंच उभी होती. फराट्यांतून ऊन उतरलं, निळं पाणी हललं. टोप्या सांभाळत फिरणारे लोक, छत्र्या, चणेवाला. लाटेच्या काठावर हिरव्या लुगड्यातली बाई, आणि तिचं बोट धरून लाल टोपड्यातलं पोर. नाक-डोळे काढलेले नव्हते. पण ते टोपडं कौशल्यानं आपल्या लेकासाठी, सोनबासाठी, स्वतःच्या हातानं शिवलं होतं.

"या तुमीच, वहिनी," वामनराव म्हणाला. "परीक्षा झाली की दोघांयले घेऊन येतो, म्हणे. पोराचे पाय पाण्यात भिजतानी पाहाचे हायेत, म्हणे." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "सोनबा कुठं हाय? त्यालेच आधी दाखव, असं सांगून गेला."

पुंजारामानं तोंड फिरवलं.

"सोनबा त्यायच्या आधीच गेला," कौशल्या म्हणाली. "त्याच तापात. ते तिकडं बिमार, म्हणून आमी कळवलं नाही. त्यायले कोणी सांगतलं तं नाही ना?"

"नाही," वामनराव म्हणाला. "शेवटपर्यंत पोराचंच नाव घेत होता."

"बरं झालं."

एवढं बोलली आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई पदर तोंडात कोंबून मेथीतच बसली. पुंजारामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रड, माय. रडून घे."

चित्र ओसरीत लागलं. भाजी न्यायला आलेल्या बाया विचारत, "हे पोट्टं कोनाचं वो?"

"माहं," कौशल्या सांगे. "बापाजवळ गेलं समुद्र पाहाले."

एवढं सांगून ती मेथीच्या जुड्या त्यांच्या टोपल्यांत घाले. बाया मग टोपल्या उचलत.