खुर्चीत बसायचं कोणी

माझ्यासाठी चाकाची खुर्ची घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, नव्या गाडीला लावतात तसं. माझं डोकंच फिरलं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटतं. माझा डावा पाय फरफटतो, तोल जातो. गल्लीत कोणीतरी मला पाहून म्हणालं, "पिऊन आली वाटते." ते सासूबाईंच्या जिव्हारी लागलं.

"बस वं इच्यात," त्या म्हणाल्या. "पडशीन त लोक अजून हासतीन."

माझा नवरा जितेंद्र म्हणाला, "आई बरोबर म्हणून राहिली. आराम कर."

आराम कसला? धंतोलीत मला व्यायाम शिकवणाऱ्या रीना मॅडमनी बजावलं होतं, व्यायामानं आजार जाणार नाही, पण बसून राहिलात तर आहे ती ताकदही जाईल. काहीतरी धरून रोज चाला, दमायच्या आत थांबा, उन्हात नको, गरमीनं त्रास वाढतो. आणि मला माझी माणसं ठाऊक होती. एकदा खुर्चीत बसले की त्यांनी मला उठूच दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मानेला ओला दुपट्टा गुंडाळला आणि खुर्ची फाटकाबाहेर काढली. सासूबाई दुखरे गुडघे धरत मागे आल्या.

"काहून निघाली वं?"

"चालाले. रिकामी खुर्ची उलटते, आई. तुमी बसा, मी ढकलतो."

"येडी झाली का?"

"नाही त मी काही न धरता निघाली."

मी खरंच निघाले असते, हे त्यांना कळलं. चरफडत बसल्या. मी ढकलू लागले. पाय फरफटत होता, तर फरफटू दे.

पाचव्या घरापाशी अंजनाबाई सडा टाकत होत्या. त्यांचा हात थांबला.

"यमुताई, तुमचे पाय कधी गेले? अन् बिचाऱ्या सुनेले ढकला लागून राहिलं."

सासूबाई ताठ झाल्या. आता या उतरतील आणि मला ओढत घरी नेतील, असं वाटून मी दांडे घट्ट धरले. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

"माह्या पायाले काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "सुनेचा व्यायाम सुरू आहे. रोज राहीन. सडा जरा बाजूले टाका. तिचा पाय घसरला त माह्याशी गाठ आहे."

मग मागे न बघता मला म्हणाल्या, "चाल वं. दमली त थांब. बसाचं काम नाही."