मी अटीतला दगड

मी दगड बोलतोय. साधासुधा नव्हे, साठेखतात लिहिलेला. शेवगावकडच्या एका पोलीस ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी बांधून पडलोय. गळा नाही मला, पण सुतळी आवळलीय खरी.

जन्मच माझा सुरुंगाचा. डोंगर फुटला नि मी उडालो.

यशया सर म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांची दोन एकर जमीन कल्याण घेणार होता. कल्याण आणि त्याची बायको राजेश्वरी, दोघं चौदा वर्षं ऊसतोडीला जाणारी. स्वतःचं रान झालं की कोयता आढ्याला खोचायचा, एवढीच त्यांची हाव. पण सर पडले काटेकोर. साठेखतात अट घातली: सरकारी मोजणी होऊन हद्दीचे दगड रोवले पाहिजेत, आणि खरेदीच्या दिवशी ते जागेवर असले पाहिजेत. नाहीतर खरेदीखत नाही. "जेवढं माझं, तेवढंच विकीन," म्हणाले.

मोजणी झाली नि गोम निघाली. शेजारचा गोरक्षनाथ दरसाल नांगर बांधात घुसवत आलेला. माझी जागा निघाली थेट त्याच्या कांद्यात. तिथंच मला रोवलं. राजेश्वरीनं हळदकुंकू वाहिलं. "चार दिस हितंच ऱ्हा बाबा," म्हणाली. खरेदी चार दिवसांवर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळीच गोरक्षनाथ पहार घेऊन आला. "दगडच न्हाई ऱ्हायला, तर खरेदी कशी व्हती बघतो." मेल्याला अट पाठ होती. त्यानं मला खिळखिळं केलं. राजेश्वरी माझ्यावर आडवी पडली, तर पहार तिच्या उजव्या खांद्यावर घातली. हाड मोडलेलं मी ऐकलं.

कल्याण धावत आला. अरे, पहार हिसकावायची, चार माणसं बोलवायची. पण डोकं फिरलं की माणूस हाताला येईल ते उचलतो. हाताला मी आलो. ज्यानं मला जिवापाड जपायचं, त्यानंच मला उपटलं आणि गोरक्षनाथच्या डोक्यात घातलं. तीनदा. दुसऱ्यालाच तो गप झाला होता. मी थांब थांब म्हणत होतो, पण दगडाचं कोण ऐकतं?

पंचनाम्यात लिहिलंय, 'दगडावर रक्ताचे डाग.' त्यातलं थोडं कुंकू आहे हो. मला कुणी विचारलंच नाही.

कल्याण तुरुंगात गेला. राजेश्वरी जबाब द्यायला इथं आली, हात झोळीत बांधलेला. मागोमाग सर आले. म्हणाले, "अट मीच घातली, मीच सोडतो. जमीन तुझ्या नावावर करून घे."

"न्हाई सर. ह्या दगडापायी मानूस मेला. आता बिनदगडाची घेतली, तर त्यो कशापायी मेला? आदी ह्योच दगड जाग्यावर लावा."

"तोवर काय करशील?"

"कोयता हायच की. डाव्या हातानं."

मी पडलो पुरावा, खटला संपेस्तोवर सुटत नाही म्हणे. साहेब, पाया पडायला मला गुडघे नाहीत. निकाल काय लागायचा तो लागो. मला धुवा, नका धुवू, पण त्या कांद्याच्या रानात नेऊन रोवा. खड्डा अजून उघडाच आहे, आणि राजेश्वरी डाव्या हातानं ऊस तोडतेय.