बारमाही सोवळी

रुखमाबाईच्या घरात सुना दोन, पण तीसही दिवस पाणी भरणारी एकच. धाकटी कलाबाई दर महिन्याला बाहेर बसायची. पडवीत पोतं अंथरून पाय पसरायची अन् आयतं खायची. थोरल्या गिरजाच्या नशिबी ते सुख नव्हतं. तिशीच्या आतच तिच्या पोटात गाठी झाल्या, चांद्याच्या दवाखान्यात पोट फाडून गाठींसंगं दोन्ही अंडाशय काढले, अन् पाळी कायमची बंद झाली.

"पोर तं नाई देल्लं हिनं," रुखमाबाई शेजारणींना सांगे, "पण बारमाही सोवळी हाय. देवाचं, चुलीचं, पाण्याचं, कशाचाच खाडा नाई." बैलाचं कौतुक करताना माणूस त्याच्या पाठीवरून हात तरी फिरवतो. इथं तेवढंही नव्हतं.

छप्पन साली चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. उन्हाळ्यात पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेताना गिरजाच्या पाठीत अशी कळ आली की ती मटकन खालीच बसली. मग ती बुटकीच होत चालली. नेहमीचं लुगडं टाचेखाली येऊ लागलं. सासू म्हणाली, "नखरे हायेत सारे!"

शेवटी नवरा इस्तारी तिला चांद्याला घेऊन गेला. डॉक्टरानं पाठीचा फोटो काढला अन् दोघांनाही समोर बसवून सांगितलं, "बाईच्या अंडाशयातून एक रस रक्तात उतरतो. पाळी त्याच्यामुळंच येते, अन् हाडंही तोच राखतो. हिचा तो रसच बंद झाला. हाडं आतून विरळ झालीत, मणके दबलेत. त्या रसाच्या सुया नागपूरहून मागवू. तोवर हिला जड उचलू देऊ नका, हाडं मोडतील." इस्तारीनं मान डोलावली.

परतताना बैलगाडीत गिरजाला हसू आवरेना. हाडं झिजल्याचं हसू नव्हतं ते, आपण खोटी नाही याचं होतं. आता हे घरी सांगतील, तिला वाटलं.

"काय म्हणे डॉक्टर?" सासूनं दारातच विचारलं.

इस्तारीनं समोरच्या धानाच्या बांधीकडं पाहिलं. रोपं लावायचा रोवणा तोंडावर आला होता. "काई नाई. वात हाय."

"अवो, हाडं विरळ झाली म्हणे ना!" गिरजा ओरडली.

"नवरा खोटा अन् तू खरी काय वं?" रुखमाबाईनं रिकामा गुंड तिच्यापुढं आदळला.

रोवणा लागला. दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे लावायचे, अन् सकाळ-संध्याकाळ पाणी वाहायचं. एका सकाळी गिरजाला उठवेना. तिनं पडवीत पोतं अंथरलं अन् भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मी बाहेरची झाली."

रुखमाबाईनं आधी देवाला हात जोडले. नातवाची आस, दुसरं काय! त्या दिवशी गिरजाला ताट वाढून मिळालं. पाठ टेकून ती दिवसभर पडून राहिली. इतकं सुख, की तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सासू समोर उभी राहिली. "फडकं दाखव."

गिरजानं लुगडं मुठीत आवळून धरलं.

"दाखव म्हणतो ना मी!" फडकं कोरडं निघालं. "देवाशी खोटं बोलते, रांडे!" म्हणत रुखमाबाईनं तिचं मनगट धरून हिसडा दिला. वाळकी काडी मोडावी तसा कटकन आवाज झाला, अन् हात भलतीकडंच लोंबला.

किंकाळी ऐकून इस्तारी चिखलाच्या पायांनी धावत आला. रुखमाबाईचाही रंग उडाला होता. "मी तं नुसतं ओढलं रे! डॉक्टर काय म्हणत होता खरं?"

"सांगा ना आता," गिरजा कळवळून म्हणाली. "तुमच्या पाया पडतो मी. सांगा."

इस्तारीनं तिच्याकडं पाहिलं. मग बांधीवर उपटलेले परे सुकत होते, तिकडं पाहिलं. बांबूच्या कामट्या आणून त्यानं तिचा हात बांधला. चांगला, घट्ट बांधला.

"वात हाय म्हटलं ना," तो आईला म्हणाला.

कलाबाईनं ते पोतं आपल्याकडं ओढलं. तिची पाळी आजच आली होती.

इस्तारीनं कोपऱ्यातला गुंड उचलून गिरजाच्या डोक्यावर ठेवला. "मोडला तो डावा हाय," तो म्हणाला. "उजव्यानं धर."