लंडनचं जाकीट

पॉलच्या प्रदर्शनाला जायचं नाही, असं क्लेमेंटीनने घरात तीनदा सांगून पाहिलं. गुडघ्यांचं निमित्त झालं, उन्हाचं झालं. पण तिची धाकटी जाऊ ज्युली ऐकेल तर शपथ! "अख्खी वसई जाऊन आली, वहिनी. आपल्या आळीतला पोरगा, आणि आपणच राहायचं?" म्हणत तिने रिक्षा थेट दारात आणून उभी केली.

पॉल म्हणजे वसईचा लाडका रॉकवाला. गळ्यात गिटार अडकवून गावच्या बोलीत असा काही ओरडायचा की फादर आधी चिडले आणि मग हळूच ताल धरू लागले. दोन वर्षांपूर्वी तो गेला. चाहत्यांनी त्याच्या वस्तू जमवून जुन्या शाळेच्या इमारतीत छोटंसं संग्रहालय थाटलं होतं.

क्लेमेंटीनला धास्ती होती ती त्यातल्या एकाच वस्तूची. छत्तीस वर्षांपूर्वी पॉलचा मुंबईत पहिला मोठा कार्यक्रम ठरला, आणि स्वारीकडे अंगात घालायला धड कपडा नव्हता. क्लेमेंटीन शिवणकाम करायची, आणि पॉलच्या गाण्यावर तिचा जीव. तिने सासूच्या पेटीतलं लग्नाचं लाल लुगडं काढलं आणि दोन दुपारींत त्याचं जाकीट करून दिलं. पेटी कुणी वर्षानुवर्षं उघडत नाही, असा क्लेमेंटीनबाईंचा अंदाज. सासूने ती पुढच्याच महिन्यात उघडली. घरात नवी आलेली होती ज्युली, माहेर गरिबाचं. संशयाला तेवढं पुरलं. क्लेमेंटीनने तोंडातून ब्र काढला नाही. सासू वारली तीही ज्युलीला चोर समजूनच.

प्रदर्शनात ज्युली लहान मुलीसारखी हरखून गेली. पॉलच्या हस्ताक्षरातली गाणी तिने मोठ्याने वाचली. माहिती सांगणारी विनी नावाची कॉलेजातली मुलगी तिच्यामागून हसत फिरत होती. मग काचेच्या कपाटात ते जाकीट आलं. खाली पाटी होती : 'पॉलने लंडनहून आणलेलं जाकीट.'

"सर प्रत्येक मुलाखतीत लंडनच सांगायचे," विनी म्हणाली. जाकीट कुणी शिवलं हे सांगणार नाही, हा क्लेमेंटीनला दिलेला शब्द त्या वेड्याने मरेपर्यंत पाळला होता.

ज्युली काचेला नाक लावून बघत राहिली. "लंडनला पण आपल्यासारखे काठ असतात का गं, वहिनी?"

तिला खरंच काही कळलं नव्हतं. 'असतील' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तो भाबडा चेहरा बघून क्लेमेंटीनला स्वतःची शिसारी आली.

"लंडनचं नाही ते. आईंचं लुगडं आहे. मी कापलं."

ज्युली बाकावर जाऊन बसली.

"आई अंथरुणावर होत्या तेव्हा सात वर्षं त्यांचं अंग पुसलं मी," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशीसुद्धा माझ्या हातची पेज घेतली नाही त्यांनी."

"ज्युली, माफ कर गं मला."

"मला सांगून काय उपयोग? मी चोरी केली नाही, हे मला माहीतच होतं. बाकीच्यांना सांग."

एवढ्यात त्यांना न्यायला क्लेमेंटीनचा मुलगा जॉयल आला. चाळिशीचा, बँकेत साहेब. क्लेमेंटीनने त्याला जाकिटासमोर उभं केलं आणि विनीच्या देखत, एकही शब्द न गाळता, सगळं सांगितलं.

जॉयलने एकदा काकीकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"मम्मी, पण आपण वेगळे राहायला लागल्यावर काकी घरी आली की तू मला कपाटाला कुलूप लावायला पाठवायचीस ना?"

"हो," क्लेमेंटीन म्हणाली.

कुलपाचं ज्युलीला आजच कळत होतं.