बोटभर रंग

तिनं कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले, ब्रश ॲसिडच्या पेस्टमध्ये बुडवला आणि तसाच हातात धरून राहिली.

पुढ्यात स्टेनलेस स्टीलची टाकी आडवी होती. जहाजावर जायची, खाऱ्या पाण्यासाठी. सांध्याच्या दोन्ही कडांना वेल्डिंगच्या आचेचे रंग उमटले होते : सोनेरी, मग जांभळा, मग निळा, पारव्याच्या गळ्यासारखा. तिच्या नवऱ्यानं जोडलेला हा शेवटचा सांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. त्याला महिना होत आला.

सोळा वर्षं तो जोडायचा, ती धुवायची. “मी रंगवायचं आणि हिनं पुसायचं, असा आमचा संसार,” तो सगळ्यांदेखत म्हणायचा.

“पुसते म्हणून टिकतंय,” ती म्हणायची.

फोरमन जवळ आला. “वहिनी, दुसऱ्या कुणाला देऊ का हे?”

“नको. परका हात नको.”

तिनं पेस्ट लावली, थांबली, पाण्यानं धुतली. रंग गेले, पांढुरका धातू उरला. फक्त झाकणाच्या तोंडाशी, आतल्या अंगाला, बोटभर जागा तिनं तशीच सोडली.

फोरमननं टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

“बोटभर राहिलंय.”

“तिथं कुणाला दिसणारे?”

“मिठाला दिसतं, वहिनी. गंज तिथूनच धरेल.” सांध्याशेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला होता, त्यावर त्यानं अंगठा ठेवला. “टाकी गळली की लोक नंबर वाचतात. नंबर त्याचा आहे.”

तिनं ब्रश उचलला.

धुऊन झाल्यावर तिनं मोजा काढला आणि ओल्या सांध्यावरून बोट फिरवलं. खवल्यावर खवला, एकसारखा, त्याच्या हातचा. आणि मध्येच, आतापर्यंत निळ्याखाली लपलेली, एक बारीक खळी. तिथं हात थांबला होता. मग पुन्हा सुरू होऊन शेवटपर्यंत गेला होता.

एका दमात सांधा पुरा करणारा माणूस.

“हे इथं थांबले होते?”

फोरमननं टॉर्च बंद केला.

“पाणी मागितलं. म्हणाला, छातीत जरा भरून आलंय. मी म्हटलं, घरी जा. तर म्हणे, वीतभर तर उरलंय.”

तिचं बोट खळीवरच होतं.

“त्या रात्री घरीही पाणी मागितलं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, उठून घ्या की.”