ब्लॉकवर ठेवलेली गाडी

आमच्या गल्लीतली माणसं रविवारी विश्रांती घेत नाहीत, नुसती वेगळ्या कामाने दमतात. कुणी पाण्याच्या टाकीवर चढलेलं असतं, कुणी जनरेटरचं पोट उघडून बसलेलं असतं, आणि एखाद्या तरी घरासमोर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. त्या पायांकडे आपण कोणी दोनदा बघत नाही. बघायला हवं, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

आमच्या बेटावरच्या मानाती गावात, आमच्याच गल्लीत, हेरिबेर्तो राहतो. गोळ्या-औषधांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्याचं काम करतो. तिथे नियमांचा सुळसुळाट! डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, पायात जाड बूट. यंत्रात हात घालण्याआधी बटणाला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. हेरिबेर्तो हे सगळं बिनतक्रार करतो. घरी आला की मात्र अंगातून हवा गेल्यासारखा बसतो. "आठवडाभर दुसऱ्यांचे नियम पाळतो, रविवारी तरी मला माझ्या घरात मोकळं जगू द्या," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याच्या मोकळ्या जगण्याचा एकुलता एक लाड म्हणजे ती गाडी. दोनच माणसांची, लाल रंग उडालेली, जुनी स्पोर्ट्स कार. पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, म्हणून गल्लीने तिचं नाव 'पाल' ठेवलं होतं. गतिरोधक आला की पाल तिरकी तिरकी, एकेक चाक उचलत जायची आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. गेले काही महिने मात्र ती जागची हललीच नव्हती, कारण तिच्या पोटातून तेल गळत होतं. घरापुढच्या छपरीत, जिला आम्ही मार्केसिना म्हणतो आणि जिथे गाडीपासून वाढदिवसापर्यंत सगळं मावतं, तिथे रोज सकाळी काळा डाग पडायचा. हेरिबेर्तोची बायको मिग्दालिया आधी डाग घासायची, मग खाली पुठ्ठा सरकवू लागली, मग तेही सोडून दिलं. वीस-बावीस वर्षांच्या संसारात कशावरून भांडायचं नाही, याची तिची यादी बरीच लांब झाली होती.

त्या रविवारी हेरिबेर्तोने मनावर घेतलं. सकाळीच जॅक काढला आणि गाडीशेजारी उकिडवा बसला. जॅक आत जाईना. समोरून जाईना, बाजूने जाईना. तो जॅक होता उंच गाडीचा, आणि पालीच्या पोटाखाली धड हाताची मूठही जात नव्हती. त्याने जॅकला एक शिवी हासडली आणि समोरच्या घराकडे बघून हाक मारली. "वीसो! ए वीसो!"

वीसो हा त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात, आणि वीसो मिग्दालियाला कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वरचं. वीसोच्या छपरीत रविवारी डॉमिनोचा डाव बसतो. तो हातातल्या सोंगट्या पालथ्या टाकून उठला आणि त्याच्यामागे डावातले बाकीचेही.

"काय रे कोंपाद्रे, पाल आजारी पडली का परत?"

"तेल गळतंय. जॅक आत जात नाही."

"जॅक कशाला पाहिजे तुला? आम्ही काय मेलोय का?"

आता हे वाचणाऱ्याला नवल वाटेल, पण आमच्याकडे हीच रीत आहे. गाडी बुटकी असली की गल्लीतले पुरुष गोळा होतात, पुढचा भाग हातांनी उचलतात आणि कुणीतरी पटकन खाली सिमेंटचे पोकळ ब्लॉक सरकवतो. उचलणाऱ्यांना गार बिअर मिळते, पाठी थोपटल्या जातात. नको म्हटलं तर माणसं दुखावतात.

आणि ब्लॉक का? कारण ब्लॉक प्रत्येकाच्या दारात असतात. वरचा मजला आज ना उद्या बांधायचाच असतो, त्यातले उरलेले भिंतीला लावून ठेवलेले. शिवाय ब्लॉकवर आमची श्रद्धा आहे. मोठ्या वादळात पत्र्याची घरं उडाली, लाकडाची मोडली, आणि ब्लॉकची उभी राहिली. ज्याने एवढ्या वाऱ्यात घर धरलं, तो एक गाडी धरणार नाही? हा हिशोब आमच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की तो चुकीचा असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही.

"एक, दोन... उचला!" पालीचं तोंड वर आलं. दोन्ही बाजूंना ब्लॉक आडवे सरकले, वर प्लायवुडचा एकेक तुकडा. छपरीची फरशी पावसाचं पाणी जावं म्हणून रस्त्याकडे उतरती, त्यामुळे एक ब्लॉक जरासा तिरका बसला. वीसोने त्याला चपलेने ठोकून नीट केलं. मागच्या चाकांना काही लावायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हेरिबेर्तो पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि सरपटत आत गेला. बाकीचे बिअरच्या बाटल्या घेऊन गाडीभोवती रेंगाळले. एकाने तर कोपर गाडीच्या छतावर टेकवलं.

तेवढ्यात मिग्दालिया आली. ती सकाळपासून आईकडे होती. आईला अंघोळ घालायची, जेवू घालायचं, चादरी बदलायच्या, आणि मग आईने "तू कोण गं?" असं विचारायचं, हा तिचा रविवार. तिच्या हातात आईकडच्या धुण्याची पिशवी होती. छपरीत शिरताच तिने गाडी पाहिली, ब्लॉक पाहिले, नवऱ्याचे पाय पाहिले आणि जागीच थांबली.

"हेरिबेर्तो, बाहेर ये."

"दोन मिनिटं," आतून आवाज आला.

"आत्ता ये. हे ब्लॉक आहेत."

"माहितीये मला ब्लॉक आहेत ते! तुझं घर कशाचं आहे?"

बाहेरचे हसले. वीसो म्हणाला, "कोमाद्रे, उगाच काळजी करतेस. मी स्वतः लावलेत. हत्ती ठेव वरती."

"भिंतीतल्या ब्लॉकच्या पोटात सळी असते, काँक्रीट असतं, दोन्ही बाजूंना सोबती असतात," मिग्दालिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट थकून खाली गेला होता. "हा एकटा आहे, पोकळ आहे, आणि तुम्ही त्याला आडवा घातलाय. ट्रकमधून उतरवताना किती फुटले होते, आठवतंय ना? नुसते खाली ठेवताना फुटले होते."

"अगं बाई, आम्ही आयुष्यभर असंच करत आलोय!"

"हेरिबेर्तो, जनरेटर छपरीत लावला तर तू शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जातोस. त्याचा विषारी वायू दिसत नाही, पण माणूस मारतो म्हणतोस. आणि हे तर दिसतंय तुला!"

"मिग्दा, माझा रविवार खाऊ नकोस!" आतून पाना आपटल्याचा आवाज आला. "कारखान्यात आठवडाभर हेच ऐकतो!"

"कारखान्यात त्यांना तुझी किंमत आहे म्हणून ऐकवतात. इथे तू काय आम्हाला फुकट मिळालायस?"

आतून नुसता पान्याचा कर्रर्र आवाज. पुरुषांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले.

मिग्दालिया क्षणभर उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. काहीही चाललं नव्हतं म्हणाली. फक्त आता आणखी एक शब्द बोलायचं त्राण उरलं नव्हतं. तिने धुण्याची पिशवी पायरीवर ठेवली, चपला काढल्या, गाडीच्या दुसऱ्या बाजूने फरशीवर आडवी झाली आणि सरपटत आत शिरली. नवऱ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून.

"हे काय करतेस?" हेरिबेर्तोचा आवाज.

"काही नाही. दमलेय, पडते जरा. मजबूत आहे ना?"

"बाहेर हो! मिग्दा, बाहेर हो आधी!"

"का? हत्ती ठेवता येतो ना वरती?"

आणि मग सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? वीसो! "कोमाद्रे, बाहेर ये! देवाच्यान बाहेर ये! अरे छतावरचा हात काढ गाढवा, गाडीला हात लावू नका कुणी!" कोपर टेकवलेला माणूस चटका बसल्यासारखा मागे सरला. कुणी बाटली खाली ठेवली तीसुद्धा आवाज न करता. रेडिओ चालू होता, तो बंद करायलाही कुणी पाऊल उचलेना. जी गाडी एक क्षणापूर्वी डोंगरासारखी पक्की होती, तिच्याशेजारी आता श्वास घ्यायची भीती वाटत होती. गाडी तीच! ब्लॉक तेच! माणूस तेवढं बदललं होतं.

हेरिबेर्तो नंतर म्हणाला, "आत पडल्या पडल्या मी मान वळवली. तिच्या नाकाच्या वर जेमतेम वीतभर जागा होती. माझ्याही नाकावर तेवढीच होती, पण ती मला दिसत नव्हती. मी भ्यालो रे. आयुष्यात एवढा भ्यालो नव्हतो." त्याने हातातला पाना सोडूनही दिला नाही. आवाजाने काही हलेल म्हणून तो छातीवर अलगद ठेवला. "तू आधी," तो कुजबुजला. "हळू. कशाला धक्का लावू नकोस."

ती सरकत बाहेर आली, मग तो आला. दोघे पायरीवर बसले. तिच्या रविवारच्या झग्याला पाठीवर तेल लागलं होतं. हेरिबेर्तोने खिशातलं फडकं काढून ते पुसायला घेतलं.

मिग्दालियाने केलं ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही, आणि कृपा करून कुणी तसं करूही नका. तीही म्हणत नाही. पण थकलेलं माणूस कधी कधी शब्दांनी जे जमत नाही ते अंगाने सांगतं.

"वीसो," ती शांतपणे म्हणाली, "मला बाहेर काढायला ओरडलास. मग त्याला आत जाताना का हसलास?"

वीसो वळला आणि पालीच्या तोंडाशी जाऊन वाकला. सगळ्यांनी मिळून गाडी उचलली, ब्लॉक काढले, पाल पुन्हा जमिनीवर टेकली. ब्लॉक अखंड होते, साधी चीरही नव्हती. डावातला एकजण ते पाहून म्हणालाच, "बघा! काही झालं नसतं."

"हेच तर वाईट आहे," मिग्दालिया म्हणाली. "पहिल्याच वेळी फुटला असता तर ही सवय कुणाला लागली नसती. तो बहुतेक वेळा फुटत नाही. म्हणून तर आपण त्याच्याखाली जातो!"

माणसं आपापल्या बाटल्या उचलून हळूहळू समोर गेली, पण डाव काही पुन्हा रंगला नाही.

तेल आणखी एक आठवडा गळलं. हेरिबेर्तोने बुटक्या गाडीचा चपटा जॅक आणला, पायांवर घट्ट उभे राहणारे लोखंडी स्टँड आणले, आणि दोन जाड लाकडी फळ्या. पुढच्या रविवारी वीसो आणि मंडळी सवयीने बाह्या सावरत आली. उचलायला काहीच नव्हतं. हेरिबेर्तोने पालीची पुढची चाकं फळ्यांवर चढवली, तेवढ्याने जॅकला आत जायला जागा झाली. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावल्या. फरशीचा उतार कमीत कमी असेल अशी जागा त्याने आधीच निवडली होती. पत्रा दबू नये म्हणून मध्ये रबराचा तुकडा घालून गाडीच्या सांगाड्याच्या भक्कम जागी जॅक टेकवला. गाडी वर आली, स्टँड खाली गेले, भार जॅकवरून स्टँडवर उतरला.

मंडळी हात लोंबकळत उभी. मला त्यांची दया आली, खरंच सांगतो. गाडी उचलणं हे निमित्त होतं. शेजाऱ्याने हाक मारली आणि आपण कामाला आलो, एवढंच सुख त्यांना हवं होतं. दमलेल्या आठवड्यात दुसरं मिळतं काय?

मिग्दालियाने ते ओळखलं. दारातून म्हणाली, "नुसते उभे काय राहिलात? हलवा ती गाडी."

"काय?"

"हलवून बघा. तो आत जायच्या आधी हलवा. पडायची असेल तर आत्ता पडू दे, खाली कुणी नसताना."

मग काय! चारही बाजूंनी मंडळी भिडली. वीसोने तर असा खांदा लावला, जणू जुना हिशोब चुकता करायचा होता. पाल करकरली, पण जागची हलली नाही. वीसोने घाम पुसला, चारही कोपरे वाकून पाहिले, आणि हेरिबेर्तोच्या पाठीवर हात ठेवला. "जा कोंपाद्रे. आता जा."

मित्रहो, ती हलवून बघायची रीत आमच्या गल्लीत अजून चालू आहे. गाडी कुणाचीही असो, बुटकी की उंच, स्टँड हेरिबेर्तोकडून न्यायचे आणि हलवायला शेजाऱ्यांना बोलवायचं. बिअर काम संपल्यावर. ब्लॉक भिंतीतच बरे. आपल्या घरात आपला जीव स्वस्त समजायची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला आपण मोकळेपणा म्हणतो, मर्दानगी म्हणतो, आणि तिचा भार घरातलं दुसरं कुणीतरी वर्षानुवर्षं मुकाट उचलत असतं. ते माणूस दमलं आहे. म्हणून गाडीखाली आडवं होण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, की या जागी मी माझ्या जवळच्या माणसाला झोपू देईन का? नाही असं उत्तर आलं, तर तुम्हीही तिथे झोपू नका, कारण तुम्हीही कुणाचं तरी जवळचं माणूस आहात.