गाण्यातली घरघर

मित्रांनो, अकोल्यात बापूसाहेब वकिलांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं एक चौकोनी धूड दिसतं. तो मी. मी एक जुना कूलर आहे. हसू नका. माझा आवाज बंगळुरूपर्यंत ऐकला गेला आहे. तुमच्या नव्या एसीचा शेजारच्या खोलीत तरी जातो का?

डोमाजी पत्रेवाल्याने मला घडवलं. जाड पत्रा, मोठा पंखा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या. "वकीलसायेब, आवाज लय करते, पन हवाबी तशीच देते," असं सांगून त्याने मला बापूसाहेबांच्या ताब्यात दिलं. व्हरांड्यात, पुढच्या खोलीच्या खिडकीला लावून मला लोखंडी घोडीवर बसवलं. आवाज आणि हवा, मी दोन्ही कामं इमानेइतबारे केली.

घरात माणसं दोनच. बापूसाहेब आणि त्यांचा मुलगा यशोधन. यशोधनची आई तो लहान असतानाच गेली. बाप-लेक दोघंही कमी बोलणारे. जेवताना ताटवाट्यांचा आवाज व्हायचा तेवढाच. उन्हाळाभर त्या घरात खऱ्या अर्थाने बोलणारा मी एकटा होतो.

मग यशोधन कॉलेजात गेला आणि त्याने मित्रांबरोबर 'पारा' नावाचा बँड काढला. गौरांग ड्रम वाजवायचा, बार्शीटाकळीचा नितेश गिटार. यशोधन गायचा. गायचा म्हणजे काय, तर आधी भराभर बोलायचा आणि मग एकदम बेंबीच्या देठापासून ओरडायचा. या संगीताला नू मेटल म्हणतात, हे मला गौरांगकडून कळलं. बापूसाहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी पक्षकारांना बसायची पुढची खोली त्यांनी पोरांना देऊन टाकली आणि स्वतःचं टेबल आत हलवलं.

पहिला अल्बम त्यांनी मे महिन्यात त्याच खोलीत रेकॉर्ड केला. नाव 'भर उन्हात'. सराव करताना मी चालू असायचो, पण रेकॉर्डिंगला माझा आवाज नको, म्हणून मला बंद ठेवलं. पोरं घामाने निथळत होती आणि मी खिडकीत नुसता उभा. फार अपमान वाटला.

शेवटचं गाणं 'दुपार'. नितेशला त्याच संध्याकाळच्या गाडीने पुण्याला नोकरीवर जायचं होतं, म्हणजे जे होईल ते तेव्हाच. गाणं मध्यावर आलं असताना बापूसाहेब बादली घेऊन व्हरांड्यात आले. त्यांनी खिडकीतून पोरांकडे पाहिलं. पोरं कूलर लावायला विसरली, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्यात पाणी ओतलं आणि बटण दाबलं. पोरं डोळे मिटून वाजवत होती, कोणी थांबलं नाही. गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं गप्प होतात आणि यशोधन हळू आवाजात चार ओळी म्हणतो. तिथे मी मागे आपला घरघर, घरघर.

रेकॉर्डिंग ऐकल्यावर यशोधन बाहेर आला. "बाबा, तुमाले कोनं सांगतलं होतं मधात पडाले? सारं गानं नासवलं तुमी!"

"उकडून राह्यलं होतं तुमाले," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी बादली खाली ठेवली आणि ते आत गेले. त्या खोलीकडे ते पुन्हा कधी फिरकले नाहीत.

अल्बम इंटरनेटवर आला. गौरांग माझ्या पाठीला पाठ टेकून लोकांची मतं मोठ्याने वाचायचा. कोणी लिहिलं, "गायकाले कुत्रं चावलं काय?" कोणी लिहिलं, "गिटार झकास, पण शेवटच्या गाण्यात गिरणी चालू होती का?" मी शरमेने अर्धा झालो. मग एकदा अवनी नावाच्या मुलीचं मत आलं. ती अमरावतीची, नोकरीला बंगळुरूला. तिने लिहिलं होतं, "ही आमच्या घरातल्या दुपारची घरघर आहे. रडले आणि मग गाढ झोपले." पाठोपाठ चांदूर बाजारचा एक आला, दर्यापूरचा आला. "कूलर हाय ना भाऊ हा?" मी इतका फुगलो की पत्रा फाटायचा बाकी राहिला. पण यशोधन आत जाऊन वडिलांना काही बोलला नाही. मला वाटलं, आज बोलेल, उद्या बोलेल.

तो पुण्याला नोकरीला गेला. फोन यायचा. "जेवले का?" "जेवलो." संपलं. एका मार्चमध्ये त्याने एसी पाठवला, स्वतः आला नाही. मला गच्चीवर आणून टाकलं. तळातलं पाणी काढायचंही कोणाला सुचलं नाही. दोन पावसाळे गेले, तळ गंजला, ताडपत्रीच्या फटीतून शिरून चिमण्यांनी ताट्यांत घरटी केली. खाली तो एसी मुका आणि बापूसाहेबही मुके. मला फार एकटं वाटायचं, आणि त्यांनाही वाटत असणार.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत बापूसाहेबांनी भंगारवाल्याला बोलावलं. स्वयंपाकाच्या इंदूबाई त्यांच्याबरोबर गच्चीवर आल्या.

"सायेब, हा कूलर देऊ नका."

"काहून?"

"यशूच्या गान्यात हाच वाजते न! आमची पोरगी आरती दिवसभर लावते. तुमी नाई ऐकलं?"

"मी काय ऐकू? मीच तर नासवलं ते."

इंदूबाईंनी पदराला हात पुसले आणि मोबाइलवर 'दुपार' लावलं. यशोधन ओरडायला लागला तसे बापूसाहेब म्हणाले, "पोट दुखून राह्यलं काय याचं?" पण तिथून हलले नाहीत. मग सगळं शांत झालं आणि दोन वर्षांनी मी माझा आवाज ऐकला.

बापूसाहेबांनी चष्मा लावला आणि गाण्याखाली लोकांनी लिहिलेली मतं कोर्टात वाचावीत तशी खणखणीत वाचू लागले. एकाने विचारलं होतं, "कूलर कोनं चालू केला होता?" त्याखाली यशोधनने त्याच उन्हाळ्यात उत्तर दिलं होतं. "माझ्या बाबांनी. आम्ही उकडून निघालो होतो म्हणून. मी त्यांच्यावर खेकसलो. या अल्बममध्ये बाबा तेवढेच आहेत, म्हणून ते गाणं पुन्हा केलं नाही."

हे वाचताना त्यांचा आवाज खाली आला. "साऱ्या जगाले सांगतलं बेट्यानं," ते म्हणाले. "मलेच तेवढं नाही."

खालून भंगारवाल्याने हाक मारली. "राहू दे," बापूसाहेबांनी वरूनच सांगितलं. त्यांनी ताडपत्री सोडली, मला एका अंगावर कलतं केलं आणि तळातलं कुजकं पाणी वाहून जाऊ दिलं. मग तिथूनच पुण्याला फोन लावला.

"ऐकलं," ते म्हणाले. "ओरडनं जास्त आहे." मग त्यांनी माझ्या पत्र्यावरची धूळ तळहाताने पुसली. "शेवट चांगला आहे." पलीकडून यशोधन काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. "हो, आहे अजून. गच्चीवर आहे. तळ बदला लागते. ये मंग."

मित्रांनो, कूलर ठेवून देताना त्यातलं पाणी काढत जा. आणि कोणाबद्दल काही चांगलं वाटलं, तर ते जगाला सांगायच्या आधी त्या माणसाला सांगा. दुसऱ्या खोलीत तर असतो तो.

उन्हाळा अजून लांब आहे आणि यशोधन अजून आलेला नाही. पण रोज दुपारी बापूसाहेब ते गाणं लावून आडवे होतात. मी इथे ताडपत्रीखाली गप्प असतो आणि खालच्या खोलीतून माझा आवाज येतो. ओरडण्याचा भागसुद्धा ते वगळत नाहीत.